सोल्यांचा डबा
वाळवलेले तुरीचे सोले कोमट पाण्यात भिजत घातले की घरात एक हिरवट, उन्हाळलेला वास पसरतो आणि मला स्लॅबवरची ती दुपार आठवते. त्या वर्षी शेताची वाटणी होऊन आमच्या चुली वेगळ्या झाल्या होत्या आणि दिवाळीपासून मोठी जाऊ माझ्याशी बोलत नव्हती. तूर शेंगांवर आली तशी दोघींनी आपापल्या हिरव्या शेंगा सोलल्या, दाण्यांना एक उकळी दिली आणि एकाच स्लॅबवर वाळत टाकले. तिचे तिच्या लुगड्यावर, माझे माझ्या साडीवर, मध्ये वीतभर जागा सोडून. ती वावरात गेलेली असताना अचानक आभाळ भरून आलं. थेंब पडायला लागले तशी मी धावत वर गेले, सगळे सोले एकाच चादरीत ओतले आणि गाठोडं खाली आणलं. तेवढ्यात तीही भिजत आली. मी म्हणाले, "ताई, घाईत समदे एकात झाले." तिनं गाठोडं सोडलं आणि मूठभर दाणे बराच वेळ हातात चाळवले. मग म्हणाली, "आता तुये कोणते न् माये कोणते, कोण निवडत बसते? भर एकाच डब्यात." आणि माझ्याच चुलीपुढं पाय शेकत बसली. आता दोन्हीकडे गॅस आहे, डबा मात्र अजून एकच. तो माझ्याकडे असतो, पण दरवर्षी भरून झाला की झाकण ती लावते, इतकं घट्ट, की सोल्यांची भाजी करायची म्हटलं तर मला तिलाच हाक मारावी लागते.