उंचीचं कारण

नायिका निवडायला मला बसवलं ते माझ्या भाषेमुळे. नागपुरातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी सत्तावीस वर्षं मराठी शिकवते आहे. सूत्रसंचालन, वक्तृत्व स्पर्धेचं परीक्षण, कुणाच्या लग्नपत्रिकेतले ऱ्हस्वदीर्घ, सगळं माझ्याकडे येतं. माझं बोलणं ऐकून लोक विचारतात, "मॅडम, तुम्ही पुण्याच्या का?" नोकरीच्या पहिल्या आठवड्यात स्टाफरूममध्ये हे कुणीतरी विचारलं तेव्हा मी नुसती हसले. त्या हसण्यावर पुढची सगळी वर्षं निभावली.

माझं माहेर नरखेड तालुक्यातलं. अकरावीला शहरात आले तेव्हा वर्गात उभं राहून म्हणाले, "मले पुस्तक नाही भेटलं," आणि अख्खा वर्ग हसला. दिवाळीपर्यंत मी 'मले' टाकून दिलं होतं. सासरच्यांना माझं गाव अर्थातच माहीत आहे. कॉलेजात कुणी नीट विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

सिनेमा माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा. ही मुलगी चित्रं काढते. तिने एक कॉमिक काढलं होतं, स्वतःच छापलेलं, स्टेपल मारलेलं, आणि ते कॉलेजच्या पोरांमध्ये बरंच फिरलं. आता त्याच गोष्टीवर तिला स्वतः चाळीस मिनिटांचा सिनेमा दिग्दर्शित करायचा होता. कॉमिकची नायिका पस्तिशीची, रुंद खांद्यांची, सावळी बाई. संत्र्याच्या बागेत मजुरी करते. पायात गमबूट, गळ्यात नारिंगी दुपट्टा, तोच तिचा मागे उडणारा झगा. विहिरीवरची मोटर सुरू करताना तिला शॉक बसतो आणि शक्ती येते. ती उडत नाही, भिंती फोडत नाही. ती समोरच्याला फक्त विचारते, "काहून?" आणि त्या माणसाला खोटं बोलता येत नाही. खलनायक आहे पाणीचोर. पाइप टाकून तो गावच्या विहिरी ओढून घेतो.

"हे सुचलं कुठून?" मी तिला विचारलं होतं.

"तुमच्यामुळेच मॅडम. अकरावीच्या निबंधात मी 'काहून' लिहिलं होतं. तुम्ही त्याला लाल गोल करून 'का' लिहिलंत. मला वाटलं, एवढा खतरनाक शब्द आहे का हा?"

ती हसली. मीही हसले.

ऑडिशन कॉलेजच्याच एका वर्गात होती. बाकांच्या पहिल्या ओळीत आम्ही दोघी आणि तिचा कॅमेरामन. पाणीचोराचे संवाद समोरून वाचायचं काम माझ्याकडे. दहाबारा जणी आल्या, बहुतेक नाट्य शिबिरं केलेल्या. "काहून?" म्हणताना एकजात सगळ्यांचे डोळे मोठे व्हायचे आणि मान हलायची. एकीने तर कमरेवर हात ठेवून असं म्हटलं की कॅमेरामन म्हणाला, "ताई, भांडण नाहीये, नुसता प्रश्न आहे." त्यातल्या त्यात एक बरी होती. गोरी, नाजूक, नागपुरातच वाढलेली, उच्चार स्वच्छ.

दुपारी शेवटची बाई आली. दारातून आत येताना ती जराशी वाकली, इतकी उंच. कळमन्याच्या फळबाजारात संत्री निवडायचं काम करते म्हणाली, अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून आली होती. गावी असताना बचत गटाच्या पथनाट्यांत कामं केली होती. दिग्दर्शिकेने हळूच कॉमिकचं पान उघडून माझ्यापुढे सरकवलं. बघण्याची गरज नव्हती. चित्रातलीच बाई समोर उभी होती.

मी वाचलं, "या विहिरीचं पाणी माझं आहे."

तिने डोळे मोठे केले नाहीत. बाजारात समोरच्याने काहीतरी चुकीचं सांगितल्यावर विचारावं तसं, थंडपणे, माझ्याकडे बघून विचारलं, "काहून?"

कागदावर माझं पुढचं वाक्य होतं, 'कारण मी इथला मालक आहे.' माझ्या तोंडून निघालं, "काहून म्हंजे? माह्या बापाची विहीर हाय."

कॅमेरामन मोठ्याने हसला. दिग्दर्शिका टाळी वाजवत म्हणाली, "मॅडम, काय भारी केलंत! कुठून आणलंत हे?"

ती बाईही हसत होती. जवळ आली, माझा चेहरा निरखून पाहिला.

"ताई, तुमी आमच्या गावच्या ना वं? चिंचेजवळच्या घरच्या? मी तुमच्या शेजारची. मले कडेवर घेऊन हिंडत होत्या तुमी. माही माय अजून सांगते."

मी तिला ओळखलं होतं. डाव्या भुवईवरची खूण मला माहीत होती. आमच्याच ओट्यावरून ती पडली होती, माझ्याच हातून.

"नाही," मी म्हणाले. "तुमचा काहीतरी गैरसमज होतोय. माझा बोलींचा थोडा अभ्यास आहे, म्हणून जमलं."

तिने एकदा माझ्याकडे, एकदा त्या दोघांकडे पाहिलं. "असन मंग. माफ करा मॅडम."

ती गेल्यावर दिग्दर्शिका म्हणाली, "मिळाली आपली नायिका."

मी म्हटलं, "घाई करू नकोस." आणि मग मी शिकवायला लागले. आवाज राकट आहे. सिनेमा कोकणातल्या, पुण्यातल्या माणसालाही कळायला हवा. वऱ्हाडी बोलणारं पात्र आलं की आपल्याकडे प्रेक्षक हसायच्या तयारीत बसतात, नायिकेवर लोक हसले तर सिनेमा गेला. मुद्दे मला नेहमीच पटापट सुचतात. शेवटचा मुद्दा तर खोटाही नव्हता, तो मी अकरावीतच शिकले होते. ती मुलगी वहीत टिपून घेत होती, जशी वर्गात घ्यायची. खरी गोष्ट एवढीच होती की ही बाई महिनाभर सेटवर राहिली असती, तर कधीतरी कुणासमोर तरी पुन्हा म्हणाली असती, ताई तुमी आमच्या गावच्या.

नायिकेची भूमिका त्या नाजूक मुलीला दिली. कळमन्याच्या बाईला पाणीचोराच्या मोलकरणीची दिली. हिने पाणीचोराला पाहून दचकायचं, कळशी पाडायची आणि लोकांना हसवायचं. तिने हो म्हटलं. पुढचे तीन आठवडे रोज संध्याकाळी मी नायिकेकडून "काहून" घोटून घेत होते. मुलगी कष्टाळू होती. पण प्रत्येक वेळी तो शब्द उच्चारण्याआधी ती किंचित थांबायची, अनोळखी घरात चपला कुठे काढायच्या असं माणूस बघतं, तसं.

मोलकरणीचं शूटिंग दोन दिवसांचं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती डबा घेऊन माझ्या शेजारी येऊन बसली. आसपास कुणी नव्हतं.

"मॅडम, एक विचारू? मले काहून नाही घेतलं?"

तिचा आवाज रागाचा नव्हता. तिला खरंच कारण हवं होतं, म्हणजे पुढच्या वेळी सुधारता आलं असतं.

"उंची कमी पडली तुमची," मी म्हणाले.

समोर नायिका गमबुटांत जास्तीचे सोल घालून चालायचा सराव करत होती. आम्ही दोघींनी तिच्याकडे पाहिलं.

"बरं," ती म्हणाली. पोळीचा घास केला, खाल्ला. डबा बंद करता करता म्हणाली, "चिंच पाडली मागच्या साली. रस्त्यात येत होती. तुमाले तसं काही घेणं नाही, पण सांगाव म्हटलं."

सिनेमा कॉलेजच्या सभागृहातच पहिल्यांदा दाखवला. नायिकेने पहिल्यांदा "काहून?" विचारलं तेव्हा मागची पोरं हसली. दुसऱ्यांदा त्यांनी तिच्याबरोबरच म्हटलं. पाणीचोराने घाबरून खरं सांगायला सुरुवात केली तोवर सगळं सभागृह नक्कल करत होतं. मोलकरणीच्या वेळी मात्र उलटं झालं. कळशी पडते, पाणीचोर ओरडतो, "उचल ती," आणि ती खाली वाकण्याआधी क्षणभर त्याच्याकडे बघते. तिथे कुणी हसलं नाही. माझ्या शेजारी दिग्दर्शिका बसली होती. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

दुसरा भाग करायचं ठरलं तेव्हा तिने माझा सल्ला न घेताच त्या बाईला फोन केला. मग मला केला.

"मॅडम, ती म्हणाली, 'मॅडमले विचारा, माही उंची वाढली का.' कशाबद्दल बोलत होती?"

मी तिला सगळं सांगितलं. फार वेळ लागला नाही. चारपाच वाक्यांत मावलं. ती एवढंच म्हणाली, "मी तुमचे मुद्दे वहीत लिहून घेतले होते मॅडम." आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कळमन्याला गेले. संत्र्यांच्या ढिगाजवळ ती मांडी घालून बसली होती, मोठी एकीकडे, लहान एकीकडे, डागी मागे. मला पाहून हात थांबवला नाही.

"बसा मॅडम. एवढा ढीग होऊ द्या."

मी एका उपड्या क्रेटवर बसले. तिच्याबरोबरच्या बायका माझ्याकडे बघत होत्या. एक म्हणाली, "कोण वं? बँकवाली हाय काय?"

"नाही," ती म्हणाली. "उंची मोजाले आल्या."

बायका हसल्या. ढीग संपेपर्यंत मी बसून राहिले. मग तिने पदराला हात पुसले.

"बोला. काहून आल्या?"

"मी त्या दिवशी खोटं बोलले," मी म्हणाले. "तुला ओळखलं होतं. मी कुठली ते त्या लोकांना कळू नये, म्हणून तुला काढलं. मला लाज वाटत होती."

"ते तं मले तवाच समजलं," ती म्हणाली. "शहरात जाऊन लोकं असे करतेत. माह्या भावानंही केलं. पण जेवताना तं आपण दोघीच होतो. कोणी ऐकून नव्हतं राहिलं. तवा उंचीचं काहून सांगितलं?"

तिने थोडी वाट पाहिली, मग दुसऱ्या ढिगाकडे सरकली.

"मी करतो दुसरा भाग," ती संत्री उचलत म्हणाली. "पण पाणीचोर तुमी व्हा. त्या दिवशी वाचला तसा. तो खरा वाटला होता. सांगा तुमच्या पोरीले."

मी सांगितलं. दिग्दर्शिकेने पाणीचोराची पाणीचोरीण केली आणि अकरा संवाद लिहून पाठवले, सगळे आमच्या बोलीत. शूटिंग पुढच्या महिन्यात आहे. सकाळी पोळ्या लाटताना मी ते मोठ्याने म्हणून बघते. पहिलंच वाक्य आहे, 'मले कोण अडवते?' ते म्हणण्याआधी मी किंचित थांबते, आणि तरीही दोनदा-तीनदा तोंडून 'मला' निघतंच.