बाबांचा पुकारा

आज अकोल्यात लेकीच्या डब्यासाठी संत्रं सोलताना त्या वासानं मी थेट शेंदूरजनाघाटच्या आमच्या अंगणात जाऊन पोचले.

बाबा मंडीत संत्र्यांचा लिलाव पुकारायचे. त्यांना लकवा आला. अमरावतीला वेळेवर उपचार झाले, हातपाय सावरले, पण वाचा परतली नाही. साधं ‘पाणी’ म्हणता आलं नाही की त्यांचे डोळे भरून यायचे.

वाचा शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, “जन्मभर जे बोलले, ते कदाचित आधी येईल.” म्हणून एका सकाळी मी अंगणात संत्र्यांचा ढीग मांडला आणि भीतभीत पुकारलं, “बोला... एक बार...”

बाबांच्या कपाळावर आठी पडली. ओठ हलले. “दोन बार!” मग हात उंचावून, “तीन बार!”

आई चुलीपासून धावत आली. “कोन बोललं वं?”

तेव्हा वाटलं, सगळं परत आलं. तसं नव्हतं. पुढचा एकेक शब्द त्यांनी कितीतरी महिने घासून मिळवला. पण आधी काय बोलायचं, ते त्यांनी त्या सकाळीच ठरवलं होतं, हे आता कळतं. पहिलं अख्खं वाक्य माझ्याच वाट्याला आलं:

“एवढ्याशा आवाजानं माल इकतेत काय वं, पोरी?”