एटीएमचं दार

वातानुकूलन यंत्र १९०२ साली निघालं, ते माणसासाठी नव्हतंच. एका छापखान्यात दमट हवेनं कागद फुगायचा, रंग सरकायचे, म्हणून ते बनवलं. परीक्षेसाठी शोधांची सालं पाठ करताना मुलीनं हे वाचून दाखवलं आणि माझ्या डोळ्यांपुढे मनीषनगरातल्या एटीएमचा पहारेकरी उभा राहिला.

साठीचा माणूस. मे महिन्यातही त्याची खुर्ची बाहेर आणि मशीन आत, एसीत. कोणी पायरीवर दिसलं की तो उठून दार उघडायचा आणि गरजेपेक्षा जास्त वेळ धरून ठेवायचा, डोळे मिटून. ती अदब आहे असं मी कितीतरी दिवस समजत होतो, याची लाज वाटते. तो आतला गारवा अंगावर घेत होता.

"काका, आत काहून नाही बसत?" मी एकदा विचारलं.

"आत कॅमेरा आहे ना भाऊ. मशीन तापली तर चार जण धावत येतात. मी तापलो तर माझ्या जागेवर दुसरा येते."

परवा कोणा ग्राहकानं तक्रार केली की दार उघडं राहतं. लगेच त्याची खुर्ची दूर, उन्हात गेली. दाराला हात लावायचा नाही, असा हुकूम. हे ऐकून माझं डोकंच फिरलं. मी दार सताड उघडून पाय अडवून उभा राहिलो.

"या काका, घ्या हवा!"

"लावा जी ते दार!" तो ओरडला. "माझी नोकरी खाता काय?"

मी दार लावलं. तो उन्हात होता आणि मी आत, एसीत.