नमुन्याची एक ओळ

मंडळी, आज दुपारी लेक लॅपटॉपवर कुठल्याशा कंपनीचं माहितीपत्रक करत बसली होती. म्हटलं, काम मिळालं वाटतं.

"नाही बाबा, ट्रायल आहे. फुकट. मला एकच पान करायचंय, बाकीची दुसऱ्यांना दिलीत."

माझं डोकंच फिरलं.

नव्वदच्या दशकात मी पनवेलमध्ये दुकानांचे, साइटचे बोर्ड रंगवायचो. तेव्हा फ्लॅट विकले जात नव्हते, म्हणून आम्हा पेंटरांनाही काम नव्हतं. खांदा कॉलनीतल्या एका बिल्डरने बोलावलं. "आधी नमुन्याला एक ओळ लिही. अक्षर आवडलं तर सगळ्या साइट तुझ्या." मी झोकात 'बुकिंग चालू' लिहून आलो.

संध्याकाळी विचारायला गेलो तर अख्खा बोर्ड तयार. चार पेंटरांकडून चार ओळी, सगळ्या नमुन्याच्या. चौघेही तिथेच भेटलो आणि भांडायला लागलो. बिल्डर शांतपणे म्हणाला, "फोन नंबर राहिलाय. जो फुकट लिहील, त्याला पुढची साइट."

चौघांनीही ब्रश काढले.

हे सगळं लेकीला सांगितलं. म्हटलं, बंद कर ते. तिने मानही वर केली नाही. "मी नाही केलं तर दुसरं कुणीतरी करेल, बाबा."

ब्रश काढताना मीही मनात हेच म्हणालो होतो. आता तुम्हीच सांगा, तिला काय उत्तर देऊ?