सरदारांच्या महालात मुलीकडची माणसं

सायखेड्याच्या वाटेवरच्या सरदारांच्या महालाची निगा धोंडीराम राखी. सरदारांचे वारस मुंबईला. दिवाळीत यायचे, कारंजं उडतंय एवढं बघायचे आणि जायचे. एरवी वर्षभर महाल धोंडीरामचाच. सुटीच्या दिवशी लोक बघायला आले की तो ‘हा आमचा दिवाणखाना’ म्हणूनच सुरुवात करी. बायको सगुणाबाई म्हणे, “म्हणायला काय जातंय.”

राहायला मात्र महालामागे पत्र्याच्या दोन खोल्या होत्या. मुलगा सुनील सातपूरला कंपनीत लागला होता, तरी दोन स्थळं या खोल्या पाहून चहाआधीच उठली होती. धोंडीरामच्या ते फार जिव्हारी लागलं होतं. म्हणून अठ्ठ्याण्णव साली सिन्नरच्या नवसाबाई आपल्या लेकीसाठी, तृप्तीसाठी, घर बघायला आल्या, तेव्हा त्याने त्यांना थेट महालात नेलं.

आधी बाग. मेंदीचं कुंपण दोरी लावून कातरलेलं, एक फांदी बाहेर नाही. मग दिवाणखाना. तिथे विलायतेहून बोटीने आणलेल्या फरश्या, प्रत्येकीवर निळं कमळ. कमळावर पाय कसा द्यायचा, म्हणून नवसाबाई चपला काढून भिंतीच्या कडेकडेने चालल्या. त्यांचे दीर पुंजारामही तसेच मागोमाग.

“हे सगळं पुसतं कोण, भाऊ?” नवसाबाईंनी विचारलं.

“घरचीच माणसं,” धोंडीराम छाती फुगवून म्हणाला. “परक्याचा हात लागू देत नाय.”

नवसाबाईंनी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत नजर फिरवली. “मग नाय जमायचं. पोर नाजूक हाय माझी, अन् फरश्या लय हायेत.”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. धोंडीरामच्या तोंडचं पाणी पळालं.

“ताई, फडकं यांच्याच हातात असतंय,” सगुणाबाई शांतपणे म्हणाली. “मला एकदाबी हात लावू दिला नाय. म्हणत्यात, तुला जमायचं नाय.”

“खरं का, भाऊ?”

“खरं हाय,” धोंडीराम खाली मान घालून म्हणाला.

“मग पोरीनं राहायचं कुठं?”

आता लपवण्यात अर्थ नव्हता. त्याने मागच्या खोल्या दाखवल्या. नवसाबाईंनी दारातूनच दोन्ही पाहून घेतल्या.

“एवढंच?”

“एवढंच.”

“मग हे आधी दाखवायचं ना,” म्हणत त्यांनी चुलीपाशी फतकल मारलं. चहा झाला, आणखी एकदा झाला, सुपारीही तिथेच फुटली.

धोंडीरामला आनंद झाला, अगदी मनापासून झाला. पण पाहुणे मागच्या फाटकानेच गेले आणि महालाकडे एकानेही वळून पाहिलं नाही, हे त्याला झोंबलं ते झोंबलंच.