भोंगा सर

आवाज खाली ठेवणं ही माणसं सांभाळण्याची पहिली पायरी आहे, हे वाक्य आमचे सर ज्या आवाजात सांगायचे, तो शेजारच्या अकाउंटच्या वर्गात स्वच्छ ऐकू जायचा. पिरंगुटच्या आमच्या कॉलेजात बीबीएच्या पोरांना ते 'नेतृत्व आणि प्रेरणा' शिकवायला यायचे. त्याआधीची सगळी नोकरी उरवड्याच्या एका कारखान्यात, पत्र्याला आकार देणाऱ्या प्रेसच्या धडधडाटात फोरमनकी करण्यात गेली होती. निवृत्त झाल्यावर धडधडाट मागे राहिला, आवाज तेवढा सोबत आला. आम्ही त्यांना भोंगा सर म्हणायचो, आणि ते त्यांना ठाऊक होतं.

लोकशाही पद्धतीचं नेतृत्व त्यांनी प्रात्यक्षिकासह शिकवलं. "चाचणी सोमवारी की बुधवारी? तुम्ही ठरवा!" सगळ्या वर्गाने बुधवारसाठी हात वर केले. सरांनी हात मोजले, फळ्यावर आकडा लिहिला आणि म्हणाले, "छान. चाचणी सोमवारी." आम्ही गिल्ला केला. "मत घ्यावं असं पुस्तकात आहे. ते पाळावं असं कुठल्या पानावर आहे, दाखवा!" एका मुलीने पान काढून दाखवलं. सरांनी ते दोनदा वाचलं, मान हलवली आणि चाचणी बुधवारी घेतली.

गरजांचा पिरॅमिड काढायचा झाला की सर तळाला मोठ्या अक्षरात 'चहा' लिहायचे. "चहा दहा मिनिटं उशिरा आला की आत्मसन्मान वगैरे वरचे मजले आपोआप खाली येतात!" कामगाराचं कौतुक चारचौघांत करावं, हेही त्यांना पटलेलं होतं. चांगलं उत्तर देणाऱ्याला ते भर वर्गात "शाबास गाढवा!" म्हणायचे. हे मिळवण्यासाठी आम्ही खरोखर अभ्यास करायचो.

माझी अडचण वेगळीच होती. माझे वडील, आप्पा, याच सरांच्या हाताखाली प्रेसवर होते आणि त्यांच्यामुळेच एक दिवस काम सोडून घरी आले होते. आता माण गावात आमच्या बारा खोल्या आहेत, आयटीतली पोरं भाड्याने राहतात आणि पाण्याच्या मोटरवरून आप्पा त्यांच्यावर सरांच्याच पट्टीत ओरडतात. सर आम्हाला शिकवतात हे कळलं तेव्हा आप्पांचा घास हातातच राहिला. "त्यो शिकवणार मानसं कशी सांभाळायची? चोराच्या हातात जामदारखान्याच्या किल्ल्या!" सर हजेरी नंबराने घ्यायचे म्हणून मी वाचलो. वर्षभर मी सव्वीस नंबर होऊन गप्प बसलो होतो.

मग हुकूमशाही पद्धतीचा तास आला. सर म्हणाले, "एकदा प्रेसची डाय, म्हणजे साचा, फुटली. मी एका ऑपरेटरला सगळ्यांसमोर झाडला. त्याने हातमोजे टेबलावर ठेवले आणि गेला. दुसऱ्या दिवशी कळलं, डाय आधीच्या पाळीने चुकीची बसवली होती. माझा सगळ्यात चांगला माणूस गेला." मी कसा उभा राहिलो कोण जाणे. "सर, ते माझे वडील." सरांनी खडू खाली ठेवला आणि पहिल्यांदाच मला नाव विचारलं.

रविवारी ते आमच्या दारात. आप्पा "बसा" म्हणाले, पण चहाचं काही बोलले नाहीत. आप्पा यांना हाकलून देतात की काय, म्हणून मी दाराशीच उभा राहिलो. सर पाणीटंचाईवर बोलले, खोल्यांच्या बांधकामावर बोलले. कारखान्यात ज्या आप्पांना ते "ए किसन्या" म्हणायचे, त्यांना शेवटी म्हणाले, "किसनराव, माझ्या वर्गावर याल का? मी पोरांना एकच बाजू शिकवतोय."

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. "यीन. पर मी बोलनार, तुमी ऐकायचं."

आप्पा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. सर शेवटच्या बाकावर गुडघे दुमडून बसले. आप्पा म्हणाले, "ह्यांच्या वरडन्याला भिऊन न्हाई गेलो मी. प्रेसवर समदेच वरडत्यात. चूक माजी नव्हती, हे ह्यांना कळलंय असं मला दोस्तांनी दुसऱ्याच दिशी सांगितलं. चार दिवस घरात बसून हुतो. दारात गाडी वाजली की उठून बघायचो. वाटायचं, बोलवायला यील कुनीतरी."

सर उभे राहिले. "तुमच्या गावच्या फाट्यापर्यंत आलो होतो," ते इतक्या हळू म्हणाले की शेजारच्या वर्गाला ऐकू गेलं नसेल. "लाज वाटली. परत फिरलो."

"फाट्यापासनं घर धा मिंटांवर हाय, सायेब," आप्पा म्हणाले.

नंतर दोघं पार्किंगमध्ये उभे राहून प्रेसबद्दल तासभर बोलत होते. ते सगळं वर तिसऱ्या मजल्यावर ऐकू येत होतं.

पुढच्या वर्षी सर मुलीकडे नाशिकला गेले. त्यांच्या गुडघ्यांना आता जिने झेपत नाहीत. मला त्यांची फार आठवण येते. माझ्या हाताखाली सध्या अठरा माणसं आहेत आणि मीही त्यांच्यावर ओरडतो. पण कोणी रागावून घरी गेला, की त्याच संध्याकाळी मी त्याच्या गावाला निघतो. फाट्यावर पाय जड होतात, हे खरं आहे.