सरदारकाका आणि आमची विहीर

सरदारकाकांच्या मुलीचा, मनजीतचा, नांदेडहून फोन आला तेव्हा मी आईला सकाळचं औषध देत होते. "ताई, पापाजी गेले..." एवढंच ती म्हणाली. आईला सांगितलं, "आई, सरदारकाका गेले." आईनं गोळी तळहातावर तशीच ठेवली. म्हणाली, "नीट इचारलंस का? खरंच गेला म्हणं?" मला तिचा राग आला. मरणाच्या बातमीवरही हिचा विश्वास बसू नये! पण खरं सांगायचं तर करतारसिंग या माणसाच्या बाबतीत आमच्या घरात कुणी कशावर सरळ विश्वास ठेवलाच नव्हता. माझ्या वडिलांची आणि त्यांची मैत्री संशयातच सुरू झाली होती.

लातूर जिल्हा नवा झाला त्या सुमाराची ही गोष्ट. आमचं अहमदपूर उस्मानाबादेतून निघून लातुरात आलं होतं. कचेऱ्यांवरच्या पाट्यांचा रंगही नीट वाळला नव्हता, रोज कुठून तरी नवा माणूस बदलून येत होता, आणि आभाळ मात्र कोरडं ठणठणीत. बाजारात आमचं कापडाचं दुकान, दुकानामागं घर, आणि कंधारच्या रस्त्याला थोडी जमीन. भोवतालच्या विहिरी एकेक करून आटल्या, आमच्या विहिरीला मात्र पाणी होतं. टंचाईत सरकार अशी विहीर ताब्यात घेतं आणि लोकांसाठी खुली करतं, हे आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, पक्कं ठाऊक होतं. त्यांची मोसंबीची लहानशी बाग त्या पाण्यावर तगून होती. त्यांनी मोटार काढून घरी आणली, विहिरीवर काटेरी बोराट्या टाकल्या आणि विचारील त्याला "आटली" म्हणून सांगायला सुरुवात केली. झाडांना ते स्वतः शेंदून पाणी घालायचे.

अशात एका सोमवारी संध्याकाळी एक सरदारजी दारात येऊन उभे राहिले. नांदेडचे, विहिरींची पाणीपातळी मोजायच्या कामावर बदलून आलेले. सोमवारी ओसरीवर पेटी घेऊन वचनं म्हणायची आप्पांची जुनी रीत. आम्ही लिंगायत, वचनं कन्नडमधली, घरातलं बोलणं सगळं मराठी. आप्पा हात थांबवून "काय काम?" म्हणाले, तर सरदारजी म्हणाले, "गाना हो जाने दो, मग बोलतो." गाणं झालं. ते तांब्याभर पाणी प्यायले आणि नमस्कार करून कामाचं अक्षरही न बोलता निघून गेले. आई आतून बघत होती. "गाण्याला आलाय व्हय त्यो? हिरीसाठी आलाय," ती म्हणाली. आप्पांनाही तेच वाटलं.

पुढच्या सोमवारी ते कापडात गुंडाळलेला दिलरुबा, गजानं वाजवायचं तंतुवाद्य, घेऊन आले, आणि मग येतच राहिले. आप्पांनी त्यांना येऊ दिलं, कारण नाही म्हटलं तर संशय येईल अशी त्यांना भीती होती. असा तो उलटसुलट मामला. मी तेव्हा दहावीत होते, चहा नेऊन द्यायचे आणि दाराआड बसायचे. आप्पा मुद्दाम खडा टाकायचे, "औंदा आमची हीर बी गेली की हो." काका तारा पिळत म्हणायचे, "हौ, आप्पा. सुर मिलाने दो." हा माणूस भोळा आहे की लबाड, तेच कळायचं नाही. आपण खोटं बोलतोय आणि समोरच्यानं ते मानलं की नाही याचाही पत्ता लागत नाही... आप्पा बेचैन व्हायचे.

पण हळूहळू बोलणं वाढलं. काकांचे पणजोबा निजामाच्या फौजेत पंजाबातून आले आणि इथलेच झाले. घरात दखनी बोलायचे, बाजारात मराठी. "पंजाबचे लोग गुरुद्वाऱ्यात येतात," ते एकदा सांगत होते, "माझी पंजाबी ऐकतात आणि बोल्ते, तुम कैसे सरदार जी?" आप्पा पहिल्यांदाच त्यांच्यासमोर मोकळं हसले. "आमची बी तीच गत. तिकडून स्वामी येतेत, माझं कन्नड ऐकून गालातल्या गालात हसतेत. अर्थ इचारला की मी निम्म्यात अडकतो."

"आणि गाताना?"

"गाताना न्हाई अडकत."

"मेरा भी वैसाच," काका म्हणाले.

आप्पांच्या एका वचनाची चाल त्यांना फार आवडायची. आप्पा तिला मांड रागाच्या अंगाची म्हणत, काका म्हणत हा आमचा आसा राग. दिलरुब्यावर ती चाल धरून ते त्यावर आपला गुरुवाणीतला शबद म्हणायचे, मग आप्पा आपलं वचन. ज्या भाषा दोघांच्याही घरात कुणी बोलत नव्हतं, त्या भाषांत ती दोन माणसं तासन्‌तास एकमेकांशी बोलत बसायची, असं मला तेव्हा वाटायचं. आईला तसं काही वाटत नव्हतं. ती म्हणायची, "गोड बोलून राहिलाय. एक दिस दाखवील रंग."

आणि तसंच झालं. उन्हाळा अगदी टोकाला गेला असताना कचेरीतली माणसं आली, बोराट्या बाजूला केल्या, विहिरीत डोकावली आणि विहीर ताब्यात घेतली. दुसऱ्या दिवशी पलीकडच्या वस्तीतल्या बायांची तिथं रांग लागली. सरदारानं गाणी म्हणून आप्पाची हीर काढून घेतली, असं बाजारभर झालं. त्या सोमवारी काका नेहमीसारखे आले. आप्पा आतूनच मोठ्यानं म्हणाले, "सांग त्यास्नी, आप्पा घरी न्हाईत." काकांनी तो आवाज ऐकला. माझ्याकडे बघितलं, दिलरुबा खांद्याला लावला आणि वळले. एका शब्दानंही त्यांनी आपली बाजू मांडली नाही. न बोलणं हाच आप्पांना पुरावा वाटला.

पुढं पाऊस झाला, पण मोसंबी वाचली नाही. काकांची भोकरला बदली झाली. आप्पा वाळलेली झाडं तोडायला लागले तेव्हा दर घावाला सरदारचं नाव घेऊन शिवी हासडत होते. आई आणि मी भाकरी घेऊन गेलो होतो. आईनं थोडा वेळ ऐकून घेतलं आणि मग डोक्यावरची पाटी खाली ठेवून म्हणाली, "त्यास्नी शिव्या देऊ नका. म्या सांगितलं."

आप्पांची कुऱ्हाड तशीच राहिली. आईनं मग सगळं सांगितलं. वस्तीतल्या एका दिवस भरत आलेल्या बाईनं तिला वाटेत गाठून विचारलं होतं, "काकू, तुमच्या हिरीला पाणी हाय म्हणतेत, खरं का?" आई "न्हाई गं" म्हणून पुढं आली, पण घरी वळली नाही. ती सरळ काकांच्या खोलीवर गेली, विहिरीला पाणी असल्याचं सांगितलं आणि वर बजावून आली, माझं नाव कुठं येऊ देऊ नका.

आप्पा काही दिवस आईशी बोलले नाहीत. मग मला बरोबर घेऊन एसटीनं भोकरला गेले. काकांच्या दारात उभं राहूनच त्यांनी विचारलं, "मला का सांगितलं न्हाई?"

"वहिनींनी नको म्हणलं होतं. आणि सांगितलं असतं तर तुम्ही मानलं असतं? सरदार घरच्या बाईवर ढकलून राहिला म्हणाले असते."

 पण आप्पांच्या मनातला किडा काही जाईना. "पाणी हाय ते तुम्हाला म्हाईत कधी झालं?"

काका म्हणाले, "पहिल्या दिवशीच. रस्त्यावरून झाडं हिरवी दिसली. त्याच्यासाठीच तर आलो होतो."

"मग कळवलं का न्हाई?"

 "गाना सुन लिया ना, आप्पा..." काका म्हणाले. "ते माझं चुकलं. वहिनी आल्या तेव्हा मी म्हणलं, मला ठाऊक हाय. तर काय बोलल्या? 'तुम्हाला समदं म्हाईत असून तुम्ही गात बसलाव, आन् बाया कुठवर चालत जातेत बघा.' मला मान वर करता आली न्हाई."

त्या दिवशी कुणी गायलं नाही. आम्ही चहा पिऊन निघालो. परतीच्या एसटीत आप्पा बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. मग एकदम माझ्याकडे वळून म्हणाले, "बघ, माझा संशय खराच होता की. हिरीसाठीच आला होता त्यो!" एवढं समाधान मी त्यांच्या चेहऱ्यावर क्वचित बघितलं होतं. पुढच्या महिन्यात ते पेटी घेऊन भोकरला गेले. काका नांदेडला परतल्यावर नांदेडला जाऊ लागले, आणि पाय थकेपर्यंत जात राहिले. आप्पा गेले तेव्हा काका त्यांच्या उशाशी शबद म्हणत बसले होते. आई त्या वेळीही दाराशी उभी राहून त्यांच्याकडे टक लावून बघत होती. ती कधी काकांच्या वाऱ्याला उभी राहिली नाही. हा माणूस एक दिवस आपलं गुपित चारचौघांत उघडं करील, असं तिला शेवटपर्यंत वाटत होतं. आप्पांना ते गुपित कधीचंच माहीत होतं, तरीही.

भोगाला, म्हणजे काकांसाठीच्या शेवटच्या पाठाला, आम्हाला जाता आलं नाही. गेल्या आठवड्यात गेलो. आई हट्टानं बरोबर आली. काकांच्या पत्नी, हरबन्सकाकी, आता फार थकल्यात. त्यांनी आईला जवळ बसवून घेतलं, वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "तुमीच क्या वो? हे बोलते थे, अहमदपूरमें एकच औरत है जिससे मैं डरता."  काकींनी आवाज खाली आणला. "सच बोलो, बहनजी. वहाँ करते क्या थे ये? मेरे को तो गाने का बोलके जाते थे. इतने साल कोई गाने के वास्ते जाता क्या?"

म्हणजे इकडेही तेच होतं. मला हसू यायला लागलं, पण आईचा चेहरा बघून मी ते आवरलं. आईनं घसा साफ केला. जन्मात तिला मी गाताना ऐकलं नव्हतं. ओसरीवरची ती चाल तिनं शब्दांशिवाय, नुसती हुंकारावर म्हटली. कापऱ्या आवाजात, मध्येच श्वास घेत. काकी तिच्याकडे... नाही, तिच्यापलीकडे न्हाणीच्या दाराकडे बघत होत्या. "हौ," त्या म्हणाल्या, "रोज सवेरे नहाते वक्त येच चलता था. मैं बोलती थी, पानी ठंडा होरा." मग त्या थांबल्या, आणि आईच्या मांडीवर हात ठेवून त्यांनी मान हलवली.

"पर ऐसा नहीं, बहनजी. वो यहाँ थोडा नीचे उतरते थे."

आणि त्यांनी ती ओळ खाली उतरवून दाखवली. आईनं ऐकलं, कपाळाला आठ्या घातल्या. "न्हाई," ती म्हणाली, "तिथं आमचे हे उतरत. सरदार वरच राहायचा."